दोनशे उड्या आणि दीडशे ग्रॅमचा कॅमेरा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, वय २९. नोकरीनिमित्त चार वर्षांपासून अमेरिकेत, ॲरिझोनातील फिनिक्स येथे राहतो. मागच्या हिवाळ्यात स्कायडायव्हिंगचे रीतसर शिक्षण घेऊन मी ‘ए’ हे पहिल्या पायरीचे लायसन्स मिळवले आणि आजपर्यंत ४६ उड्या पूर्ण केल्या. गावी माझी आजी आहे. २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून उडी मारणाऱ्या शीतल महाजन यांच्या छायाचित्राचे कात्रण तिने जपून ठेवले आहे, आणि ‘तू उडतोस ते मला कधी दाखवणार’ असे ती दर रविवारी फोनवर विचारते. म्हणून मी हेल्मेटवर बसणारा छोटा ॲक्शन कॅमेरा विकत घेतला. परंतु २०० उड्या होईपर्यंत तो लावू देणार नाही, असे ड्रॉपझोनवर, म्हणजे जिथून आम्ही उड्या मारतो त्या केंद्रावर, मला स्पष्ट सांगण्यात आले. कॅमेऱ्याचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम आहे. मोटारसायकलवर आणि सह्याद्रीतल्या ट्रेकमध्ये मी असाच कॅमेरा कित्येक वर्षे वापरला आहे. शिवाय तो एकदा सुरू केला की त्याच्याकडे पाहावेही लागत नाही. एक मित्र म्हणतो की ही नुसती शिफारस आहे, कायदा नव्हे, आणि दुसऱ्या एका लहान ड्रॉपझोनवर कोणी विचारणारही नाही. मी तिकडे जावे का? जाऊ नये, तर हे सुरक्षितपणे शिकायचे कसे? की कॅमेरा विकून टाकू? वडिलांना मुळात हा छंदच पसंत नाही, ती काळजी वेगळीच.

उत्तर:

प्रिय वाचक,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचताना मनात संदिग्धता राहणार नाही. तुम्ही त्या दुसऱ्या ड्रॉपझोनवर कॅमेरा घेऊन जाऊ नये. ४६ उड्यांच्या अनुभवावर हेल्मेटवर कॅमेरा लावू नये, तो कितीही लहान असला तरी. मी स्वतः याच राज्यात अनेक वर्षे उड्या मारल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा कॅमेरा घेऊन मारल्या आहेत, आणि नवशिक्यांना शिकवण्याचे कामही केले आहे. तुमच्या पत्रातला उत्साह मला ओळखीचा वाटला. म्हणूनच नुसते ‘नाही’ म्हणून थांबणे मला बरोबर वाटत नाही.

तुमच्या मित्राचे म्हणणे शब्दशः पाहिले तर बरोबर आहे. अमेरिकेतील हवाई नियमांनुसार रिझर्व्ह, म्हणजे राखीव, पॅराशूट दर १८० दिवसांच्या आत प्रमाणित रिगरकडून, म्हणजे पॅराशूट भरणाऱ्या तज्ज्ञाकडून, पुन्हा भरून घ्यावे लागते. पण हेल्मेटवर कॅमेरा किती उड्यांनंतर लावावा, याबद्दल ते नियम काही सांगत नाहीत. कॅमेऱ्यासाठी ‘सी’ लायसन्स, म्हणजे किमान २०० उड्या, आणि ज्या पॅराशूटसह चित्रण करायचे त्याच पॅराशूटवर नजीकच्या काळातल्या किमान ५० उड्या, ही युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारस आहे. ती छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यालाही तितकीच लागू आहे. ड्रॉपझोन चालवणारे लोक या शिफारशीला आपल्या आवारात नियमाचे रूप देतात, कारण तिथे घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी अखेर त्यांच्यावर असते. शिफारस आणि कायदा यांतला फरक वकिलासाठी महत्त्वाचा असेल. विमानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसासाठी त्या फरकाला काही अर्थ नाही.

वजनाबद्दलही तुम्ही बरोबर आहात. पूर्वीचे व्हिडिओ कॅमेरे किलोच्या हिशेबात मोजावे लागत आणि पॅराशूट झटक्याने उघडले तर मानेवर त्याचा मोठा भार येई. आजचा छोटा कॅमेरा मानेला जाणवतही नाही. मात्र यामुळेच एक गैरसमज बळावला आहे. मोठा कॅमेरा लावणाऱ्याला आपण काहीतरी अवघड काम अंगावर घेत आहोत याची जाणीव सतत होत असे, तर छोटा कॅमेरा लावणाऱ्याला आपण काही वेगळे करत आहोत असे वाटतच नाही. त्याच्या वजनाची चिंता कोणी करत नाही. चिंता आहे ती त्याने अडवलेल्या लक्षाची आणि हेल्मेटवर निर्माण केलेल्या एका उंचवट्याची. या दोन्ही गोष्टी दीडशे ग्रॅमच्या कॅमेऱ्यातही तितक्याच असतात.

आधी लक्षाबद्दल बोलू. पोटावर पडण्याच्या स्थितीत माणूस साधारण ताशी १९० किलोमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे १,००० फूट अंतर तो साडेपाच ते सहा सेकंदांत कापतो. तुम्ही ४,००० फुटांवर पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारी छोटी छत्री, सोडता असे धरू. त्या क्षणी तुमचे लक्ष दहा सेकंद दुसरीकडे असेल, तर तुम्ही सव्वादोन हजार फुटांच्या आसपास पोहोचलेले असाल. ‘ए’ लायसन्सधारकासाठी पॅराशूट उघडण्याची किमान उंची ३,००० फूट आहे, आणि बिघाड झाल्यास मुख्य पॅराशूट अंगापासून सोडवून रिझर्व्ह उघडायचे की नाही हे ठरवण्याची उंची २,५०० फूट आहे. म्हणजे त्या दहा सेकंदांत तुम्ही या दोन्ही मर्यादा ओलांडून खाली गेलेले असता आणि तुमचे पॅराशूट अजून पाठीवरच असते. आपोआप रिझर्व्ह उघडणारे यंत्र आहे, हे खरे. १९९१ साली ‘सायप्रेस’ आल्यापासून अशा यंत्रांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत. परंतु अनुभवी उडीबाजांसाठीचे यंत्र जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर काम सुरू करते. ती शेवटची फळी आहे आणि तिच्या भरवशावर उडीची आखणी कोणी करू नये.

आता दुसरा हिशेब पाहा. तुमच्या ४६ उड्यांतला मुक्तपतनाचा सगळा वेळ एकत्र केला, तर तो पाऊण तासाच्या आत भरेल. दोनशे उड्यांचा आकडा मोठा वाटतो, पण तोही हवेतल्या जेमतेम तीन तासांचाच हिशेब आहे. दुचाकी शिकताना पहिल्या पाऊण तासानंतर तुम्ही मागे कोणाला बसवून, एका हातात फोन धरून बाजारातून गाडी चालवली असती का? रस्त्यावर निदान ब्रेक दाबून थांबता येते. त्या तीन तासांत शरीर काय शिकते, ते बाहेरून दिसत नाही. मनगटावरच्या अल्टिमीटरकडे, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राकडे, नजर आपोआप वळू लागते. हवेत इतर लोक कुठे आहेत याचे भान पाहिल्याशिवाय येऊ लागते. काही बिघडले तर हात विचाराची वाट न पाहता योग्य हँडलकडे जातात. ही कामे शरीराने स्वतःकडे घेतली की मन मोकळे होते, आणि कॅमेऱ्याला द्यायचे लक्ष त्या मोकळ्या मनातूनच यावे लागते. आज तुमच्याकडे ते शिल्लक नाही. यात तुमचा दोष नाही. त्या टप्प्यावर ते कोणाकडेच नसते.

कॅमेरा सुरू केला की त्याच्याकडे पाहावे लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझाही तसाच समज होता. माझी २१४ वी उडी कॅमेऱ्यासह मारलेली सहावी उडी होती. चौघे मित्र हवेत गोल धरणार होते आणि मी थोडी वर राहून त्यांचे चित्रण करणार होते. ५,००० फुटांवर त्यांनी एकमेकांपासून दूर जायचे आणि मी मध्यभागीच राहून ४,००० फुटांवर पॅराशूट उघडायचे, असे जमिनीवर ठरले होते. ते चौघे वेळेवर वळले, दूर गेले. त्यांतल्या एकीचे पॅराशूट मावळतीच्या उन्हात इतके सुंदर उघडले की ते चौकटीत राहावे म्हणून मी मान वर करून तिच्याकडे पाहत राहिले. हेल्मेटमधल्या अल्टिमीटरचा बीप माझ्या कानात वाजला असणार, पण मला तो ऐकल्याचे आठवत नाही. माझा हात पायलट शूटकडे गेला तेव्हा मी अडीच हजार फुटांवर होते. पॅराशूट पूर्ण भरेपर्यंत उंची १,८०० फूट झाली होती आणि दोऱ्यांना तीन पीळ पडलेले होते. अनुभवी माणसानेही मुख्य पॅराशूट ठेवायचे की सोडायचे हे ज्या उंचीच्या आत ठरवलेले असले पाहिजे, ती उंची हीच. मी रायझर, म्हणजे खांद्यांपासून दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे, ताणून पाय झाडले, पीळ सुटले आणि मी उभी उतरले. रात्री चित्रण पाहताना मी सेकंद मोजले. मित्र वळल्यापासून माझा हात हलेपर्यंत चौदा सेकंद गेले होते. जायला हवे होते सहा. त्या चौदा सेकंदांत मी कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते. मी पाहत होते ते कॅमेऱ्यासाठी.

ही घटना सांगण्याचे कारण असे की दोनशे हा आकडा जादूचा नाही. तो ओलांडूनही माझ्या हातून चूक झाली. परंतु पीळ सोडवण्याची हालचाल माझ्या पायांनी मला न विचारता केली, कारण त्याआधी चार वेळा त्यांनी ती केलेली होती. त्याच उंचीवर ४६ उड्यांची मी असते, तर मी विचार करत राहिले असते, आणि विचार करण्याइतकी उंची तिथे उरलेली नव्हती.

अनुभव माणसाला या विसरण्यापासून पूर्ण वाचवत नाही, याचे सर्वांत दुःखद उदाहरण १९८८ सालच्या एप्रिल महिन्यातले आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रणकार शिक्षक आणि विद्यार्थी यांची उडी टिपण्यासाठी विमानातून बाहेर पडला, आणि त्याने पॅराशूटच घातलेले नव्हते. चित्रणाचे जड साहित्य तो अंगावर वागवत असे; पाठीवरच्या त्या ओझ्यामुळे पॅराशूट नसल्याचे त्याला जाणवले नसावे, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. आजच्या छोट्या कॅमेऱ्याने नेमके असे होणार नाही, हे मान्य. पण उडीपूर्वीच्या तपासणीच्या मिनिटांत चित्रणकाराचे मन बॅटरी, लेन्स आणि लाल दिव्यात अडकते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. विमानात कॅमेऱ्याचा दिवा लागला की नाही हे शेजाऱ्याला विचारणारे आणि छातीचा पट्टा नीट ओवला आहे का हे विचारायला विसरणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत.

आता उंचवट्याबद्दल. हा भाग जरा बारकाईने वाचा, कारण मोटारसायकलशी केलेली तुमची तुलना नेमकी इथे कोलमडते. पायलट शूट तुम्ही वाऱ्यात फेकता, त्याला जोडलेली ब्रायडलची पट्टी ताणली जाते, पाठीवरच्या कंटेनरची पिन निघते, पॅराशूटची पिशवी पाठीवरून उचलली जाते, दोऱ्या रबरबँडमधून घडीघडीने सुटत जातात, कापडात हवा भरते आणि शेवटी रायझर तुमच्या खांद्यांवरून, हेल्मेटच्या दोन्ही बाजूंनी ताठ उभे राहतात. शरीर समतोल असेल तर हे सगळे डोक्यापासून सुरक्षित अंतरावरून जाते. मात्र पायलट शूट सोडताना एक खांदा झुकला, शरीर कुशीवर वळले किंवा तुम्ही पाठीवर उलटलात, तर तीच पट्टी किंवा त्याच दोऱ्या चेहऱ्याजवळून आणि डोक्यावरून जातात. गुळगुळीत हेल्मेटवरून त्या बहुधा घसरून जातील. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, त्याच्या स्क्रूच्या मुठीवर किंवा स्टँड आणि हेल्मेट यांच्यातल्या बोटभर फटीत त्या अडकू शकतात. मोटारसायकलवर तुमच्या डोक्याजवळून कोणतीही दोरी वेगाने जात नाही. म्हणून कॅमेऱ्यासोबत मिळणारा बकलचा उंच स्टँड तिथे निरुपद्रवी असतो आणि इथे गळ ठरतो.

दोरी हेल्मेटला अडकली तर काय होते, याचाही विचार करून ठेवा. अर्धवट उघडलेले पॅराशूट डोक्याला अडकलेले असताना तुम्ही नेहमीच्या सवयीने मुख्य पॅराशूट अंगापासून सोडवणारे कटअवे हँडल ओढले, तर खांद्यांवरचा ताण सुटून तो मानेवर येऊ शकतो. मुख्य पॅराशूट तसेच ठेवून रिझर्व्ह उघडले, तर ते आधीच्या दोऱ्यांत गुंतू शकते. म्हणून कॅमेऱ्याचे हेल्मेट एका हाताने, दोन्हींपैकी कोणत्याही हाताने आणि हातमोजे घातलेले असतानाही झटक्यात सोडून देता यावे अशी व्यवस्था त्याच्या हनुवटीच्या पट्ट्यात असावी लागते. कोणत्या स्थितीत आधी हेल्मेट सोडायचे आणि कोणत्या उंचीखाली तो प्रयत्न न करता थेट रिझर्व्हकडे जायचे, हे सराव-हार्नेसला लटकून, तुमच्या इन्स्ट्रक्टरसमोर, पुन्हा पुन्हा करून पक्के करायचे असते. हा क्रम मी इथे लिहून देणार नाही. तो तुमच्या हेल्मेटवर, तुमच्या पॅराशूटवर आणि तुमच्या हातांच्या सवयीवर अवलंबून असतो, आणि तो वाचून येत नाही.

दुसऱ्या ड्रॉपझोनबद्दल एवढेच सांगते. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तुमची उडी कशी असते हे कोणी पाहिलेले नाही, उतरण्याची जागा नवी, वाऱ्याची वळणे नवी आणि त्यात कॅमेराही नवा. एका उडीत एकच नवी गोष्ट, हे या खेळातले फार जुने शहाणपण आहे; तुमच्या मित्राची योजना एका उडीत तीन नव्या गोष्टी घालते. शिवाय तुम्ही एकटेच हवेत नसता. उंचीचे भान सुटलेला माणूस दुसऱ्याच्या उघडत्या पॅराशूटखाली किंवा वर येऊ शकतो, आणि त्याने ‘माझा धोका मी पत्करला’ असे म्हणून भागत नाही. जिथे तुम्हाला ‘नाही’ म्हणण्याची कोणी तसदी घेतली, तिथेच शिका.

मग २०० पर्यंत करायचे काय? नुसते आकडे भरू नका. एकट्याने मारलेल्या दीडशे उड्या आणि शिकत मारलेल्या दीडशे उड्या यांत फार अंतर असते. ५० उड्या झाल्या की ‘बी’ लायसन्सचा टप्पा येतो. त्यासाठी पॅराशूट हाताळण्याचा आणि पाण्यात उतरण्याचा सराव करून घेतला जातो, तो मनापासून करा. ॲरिझोनातल्याच ईलॉय गावी वाऱ्याचा उभा बोगदा आहे; त्यात खालून येणाऱ्या झोतावर तरंगता येते. तिथले दहा मिनिटांचे उडणे वेळेच्या हिशेबात दहा उड्यांइतके असते, आणि दुसऱ्या माणसाच्या समोर, त्याच्याच पातळीवर, जराही न हलता स्थिर राहणे तिथे लवकर साधते. चित्रणकाराचे अर्धे काम तेवढेच आहे. डोके स्थिर ठेवून शरीर हलवता येत नसेल, तर चित्रण पाहणाऱ्याला मळमळते आणि ते कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. दुसरे, हेल्मेटमध्ये बसणारा आवाजी अल्टिमीटर आताच घ्या आणि मनगटावरचाही ठेवा. आवाज ही आठवण असते, उंचीचे भान नव्हे. म्हणून प्रत्येक बीपआधी उंचीचा अंदाज मनात करून पाहा आणि बीप झाल्यावर तो पडताळा. शंभरेक उड्यांनंतर तुमचा अंदाज दोन-तीनशे फुटांच्या आत येऊ लागेल. तिसरे म्हणजे या काळात लहान पॅराशूटच्या मोहात पडू नका. कॅमेरा लावायच्या आधी त्याच पॅराशूटवर ५० उड्या हव्यात असे वर म्हटले, त्याचा अर्थ पॅराशूट बदलले की ती मोजणी पुन्हा सुरू होते.

तो दिवस येईल तेव्हा सुरुवात जमिनीवर करा. हेल्मेटच्या कवचाला चिकटून बसणारा, खास स्कायडायव्हिंगसाठी बनवलेला बुटका माउंट घ्या. कॅमेरा सुटू नये म्हणून त्याला दोरीचा मोकळा फास बांधण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका, कारण तो फास स्वतःच एक गळ असतो. फटी भरून घ्या, धारदार कडा चिकटपट्टीने झाका आणि मग एक साधी परीक्षा घ्या. पायजम्याची नाडी दोन्ही हातांत ताणून धरा आणि ती हेल्मेटवरून पुढून मागे, मागून पुढे, दोन्ही बाजूंनी आणि तिरपी फिरवा. ती जिथे अडते, तिथे दोरी अडकणार. नाडी सगळीकडून निसटू लागली की हेल्मेट रिगरला आणि एखाद्या जुन्या चित्रणकाराला दाखवा. मग कॅमेरा बंद ठेवून ते हेल्मेट विमानाच्या दारात घालून पाहा. दाराच्या चौकटीला डोके किती लवकर लागते, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल.

पहिल्या दोन-तीन उड्या एकट्याने मारा आणि चित्र कसे येईल याची अपेक्षा ठेवू नका. त्या उड्यांचा हेतू हेल्मेट घालून पॅराशूट उघडणे एवढाच आहे. त्यानंतर एकाच अनुभवी सोबत्याबरोबर. गटाच्या उड्या फार नंतर. प्रत्येक वेळी क्रम एकच ठेवा: हँडल, थ्री-रिंग (मुख्य पॅराशूट अंगाला जोडणाऱ्या कड्या), पट्टे आणि पिना यांची पूर्ण तपासणी आधी, कॅमेरा नंतर, आणि कॅमेरा सुरू केल्यावर पुन्हा एकदा हाताने हँडलना स्पर्श. दारात पोहोचल्यावर दिवा लागलेला नाही असे कळले, तर ती उडी चित्रणाशिवाय मारा. दारात उभे राहून बटणे चाचपणे मी कोणाला करू देत नाही. विखुरण्याची उंची आली की चित्रण संपले असे समजा, कॅमेरा चालू असला तरी. पॅराशूट उघडताना खांदे समान पातळीवर, नजर क्षितिजाकडे आणि मान सरळ ठेवा. आपले पॅराशूट उघडताना टिपावे म्हणून मान मागे टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. आणि पॅराशूट नीट उघडले म्हणून उडी संपली असे मानू नका. या खेळातले अनेक गंभीर अपघात उत्तम उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना चुकीच्या वळणामुळे होतात. उतरतानाचे दृश्य छान यावे म्हणून कोणी वळण घेऊ लागला, तर त्याचा कॅमेरा काढून घेणे हीच त्याच्यावरची माया आहे.

वडिलांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण ते मला जड वाटले. त्यांना हा खेळ निर्धोक आहे असे सांगू नका. ते खरे नाही आणि त्यांना ते पटणारही नाही. २०२३ साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यांत १० माणसे दगावली, हे आकडे त्यांच्यासमोर तसेच ठेवा. पूर्वीच्या दशकांत हे प्रमाण कितीतरी अधिक होते, आणि ते खाली आले ते चांगल्या साहित्यामुळे, शिक्षणामुळे आणि तुम्हाला जाचक वाटलेल्या अशाच अटींमुळे. कॅमेऱ्यासाठी तुम्हाला नकार मिळाला आणि तुम्ही थांबलात, हेही त्यांना सांगा. माझ्या वडिलांचा विरोध असाच होता. मी एकदा वाऱ्यामुळे उडी न मारता दिवसभर बसून घरी परतले, हे ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा ‘तिथले लोक कसे आहेत’ असे विचारले.

आता आजीकडे येते. तुमच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळे दिसेल, तुम्ही सोडून. तपकिरी वाळवंट दिसेल, ढग दिसतील, फार तर तुमचे हात दिसतील. आजीने जपलेल्या त्या कात्रणात साडीतली बाई दिसते आहे. ते चित्र पाहणाऱ्याच्या बाजूचे आहे. आजीला तुमचा चेहरा पाहायचा आहे, आणि त्यासाठी कॅमेरा दुसऱ्याच्या डोक्यावर असावा लागतो. तुमच्या ड्रॉपझोनवर चित्रणकार असतील. हजारभर उड्या मारलेल्या अशा एखाद्याला ठरलेली रक्कम देऊन किंवा त्याच्या उडीचे पैसे भरून एक उडी तुमच्यासोबत मारायला सांगा. तो तुमच्यासमोर हातभर अंतरावर स्थिर राहील, तुम्ही नेहमीसारखी, कॅमेरा नसल्यासारखी उडी मारा, आणि उडीआधी तुमच्या इन्स्ट्रक्टरला विचारून घ्या. तो माणूस हे काम करताना काय काय करतो, कधी वळतो, कुठे उघडतो, तेही नीट पाहा. तुमच्या शिक्षणाचा पहिला धडा तिथेच मिळेल.

कॅमेरा विकू नका. येत्या शनिवारी तो एखाद्या मित्राच्या हाती द्या आणि त्याला उतरण्याच्या मैदानाबाहेर, ड्रॉपझोनवाले सांगतील तिथे उभे करा. तुमचे पॅराशूट आकाशात ठिपक्याएवढे असल्यापासून तुम्ही उतरून कापड गोळा करेपर्यंत त्याने कॅमेरा तुमच्यावरच धरावा. संध्याकाळी तेच चित्रण इन्स्ट्रक्टरला दाखवा: तुम्ही शेवटचे वळण किती उंचीवर घेता आणि ब्रेक ओढायला उशीर करता की घाई, हे त्यात स्पष्ट दिसेल, आणि ४६ उड्यांच्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा आहे. मग ते रविवारी आजीला पाठवा. शेवटी हेल्मेट काढून कॅमेऱ्याकडे चालत या, म्हणजे तिला चेहरा दिसेल.